जुन्या जीपगाडीचा गळका पेट्रोल-पंप : परीक्षा व बदलण्याची रीति

शेतकऱ्याच्या दाराशीं बैलगाडीच्या जोडीला जीपगाडी येऊन उभी राहिली, त्यास आतां बराच काळ लोटला. इ. स. १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून अमेरिकेच्या विलीस कंपनीच्या जीपगाड्या मुंबईस जुळविण्यास आरंभ केला. पुढें विलीसनें १९५३ मध्यें काढलेली उंच टोपणाची सीजे-३बी ही जीप याच कंपनीनें आपल्या देशांत कित्येक वर्षें तयार केली. डिझेलच्या गाड्या आल्यावर पेट्रोलच्या जीपा मागें पडल्या. तथापि एखाद्या वाड्याच्या पडवींत अशी गाडी अजून चालत्या स्थितींत आढळते. वडिलांच्या हातची म्हणून घरच्या मंडळींचा तिच्यावर लोभ असतो, आणि चिखलाच्या वाटेस ती अद्याप उपयोगी पडते. अशा गाडीस वारंवार जडणारा आणि मोठ्या धोक्याचा विकार म्हणजे पेट्रोल-पंपाची गळती होय. गांवोगांवचे मिस्त्री ह्या पंपास ‘एसी पंप’ म्हणतात. तो कसा चालतो, कां गळतो व कसा बदलावा, याचें विवेचन येथें करावयाचें आहे.

पंपाची रचना व कार्य

जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते आणि कार्बोरेटर एंजिनाच्या वरच्या बाजूस असतो. सबब खालचें पेट्रोल वर चढविण्यास कांहीं तरी साधन पाहिजे; तें साधन म्हणजे हा पंप. एंजिनाच्या कुशीस दोन बोल्टांनीं तो आवळलेला असतो, व त्याचा एक वांकडा दांडा एंजिनाच्या आंत शिरून कॅमशाफ्टवरील चकतीस टेकलेला असतो. ही चकती मध्यबिंदूपासून एका बाजूस सरकवून बसविलेली असल्यामुळें, शाफ्ट फिरतांना ती दांड्यास एक वेळ ढकलते व एक वेळ मोकळें सोडते. कॅमशाफ्ट एंजिनाच्या निम्म्या गतीनें फिरत असल्यानें एंजिनाच्या दोन फेऱ्यांस पंपाचा एक हेलकावा होतो.

पंपाच्या पोटांत कापडावर रबर चढविलेला एक पातळ पडदा असतो. त्यास डायफ्राम म्हणतात. लोहाराच्या भात्याचेंच हें लहान रूप समजावें. दांडा पडद्यास खालीं ओढतो, तेव्हां आंत घेणारी झडप उघडून टाकींतील पेट्रोल पंपांत येतें. दांडा सुटला म्हणजे पडद्याखालील स्प्रिंग त्यास वर लोटते, व बाहेर सोडणाऱ्या झडपेवाटे पेट्रोल कार्बोरेटरकडे जातें. कार्बोरेटरची वाटी भरली कीं तिची सुई बंद होते. मग पडदा खालींच थांबतो व दांडा नुसता मोकळा हालत राहतो. यावरून ध्यानांत येईल कीं, पेट्रोलवरील दाब एंजिनाच्या वेगावर अवलंबून नसून त्या स्प्रिंगेवर अवलंबून असतो, आणि तो दर चौरस इंचास थोड्याच पौंडांचा असतो.

गळतीचीं लक्षणें

पेट्रोल तीन वाटांनीं गळूं शकतें. पहिली वाट नळीच्या जोडाची किंवा पंपाच्या दोन भागांमधील कडेची. तेथें ओलसर डाग दिसतो व त्यावर धूळ चिकटते. जोड किंवा स्क्रू आवळल्यानें ही गळती पुष्कळदां थांबते. तेवढ्यासाठीं पंप काढण्याचें कारण नाहीं.

दुसरी वाट पंपाच्या खालच्या अंगावर असलेल्या लहान छिद्राची. कित्येक पंपांस असें छिद्र मुद्दाम ठेवलेलें असतें. तेथून पेट्रोल ठिबकूं लागलें म्हणजे पडदा फाटला असें निश्चित समजावें. हें छिद्र लाकडाची खुंटी ठोकून बुजविणारे लोक आढळतात. परंतु त्यांनीं चोर घरांत कोंडला असेंच म्हणावें लागेल, कारण बाहेर जाणारें पेट्रोल मग आंत शिरतें.

तिसरी वाट हीच आंतली, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. फाटलेल्या पडद्यांतून पेट्रोल एंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्यें उतरतें. एखादा मालक मोठ्या संतोषानें सांगतो, “आमची गाडी तेल मुळींच खात नाहीं, उलट पट्टीवर तेल चढलेलेंच दिसतें.” हा संतोष घातक होय. तेलाची पट्टी बाहेर काढून तिचा वास घ्यावा व तेल दोन बोटांत चोळून पाहावें. पेट्रोलचा वास आला, तेल पाण्यासारखें पातळ लागलें, किंवा पातळी खुणेच्या वर गेली असली, तर गाडी त्या क्षणापासून चालवूं नये. पातळ झालेलें तेल बेअरिंगांस आधार देत नाहीं. क्रँकशाफ्ट घासला जातो, आणि जें काम एका पंपाच्या किंमतींत झालें असतें, त्यासाठीं सगळें एंजिन उघडावें लागतें. शिवाय चेंबरांत पेट्रोलची वाफ सांठून पेट घेण्याचें भय असतें.

गळतीचीं कारणें

रबराचें वय व एंजिनाची उष्णता हीं जुनीं कारणें आहेत. परंतु अलीकडे त्यांत तिसऱ्या कारणाची भर पडली आहे, व त्याचा संबंध थेट आपल्या उसाशीं आहे. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्या देशांत २००३ मध्यें कांहीं राज्यांत शेंकडा ५ या प्रमाणानें सुरू झाला. तें प्रमाण २०२२ मध्यें शेंकडा १० वर गेलें, व २०२५ मध्यें शेंकडा २० झालें. इथेनॉल हें मद्यार्कच होय. उसाचा रस, मळी व धान्य यांपासून तें तयार होतें, आणि त्यामुळें ऊस-उत्पादकास एक नवें गिऱ्हाईक मिळालें, हें सर्वांस विदित आहे.

परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या पंपांतील रबर ह्या मिश्रणासाठीं केलेलें नव्हतें. मद्यार्कानें तें फुगतें, मऊ पडतें, आणि गाडी उभी राहून सुकलें म्हणजे कडक होऊन तडकते. दुसरें असें कीं मद्यार्क पाणी शोषून घेतो. पावसाळ्यांत चार महिने गाडी झांकून ठेवली, तर टाकींत शिरलेला ओलावा मद्यार्कांत मिसळतो. त्याचें प्रमाण फार झालें म्हणजे पाणी व मद्यार्क पेट्रोलपासून फुटून तळाशीं बसतात. पंप नेमका तळचाच द्रव ओढतो, आणि त्यानें जस्ताच्या व ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांस गंज चढतो.

यास्तव नवा पंप किंवा नवा पडदा घेतांना तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलास टिकणाऱ्या रबराचा आहे काय, हें दुकानदारास विचारून घ्यावें. कित्येक वर्षें फळीवर पडून राहिलेला जुना माल नवा दिसला तरी घेऊं नये. पंपाजवळील रबरी नळीही त्याच वेळीं बदलावी. नाहीं तर पंप नवा व गळती जुनी असा प्रकार होतो.

पूर्वतयारी

हें काम एंजिन पूर्ण थंड असतां, दिवसाउजेडीं व मोकळ्या हवेंत करावें. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून कडब्याची गंज, चूल व देवघरांतील दिवा यांपासून गाडी दूर न्यावी. विडी ओढणाऱ्यास जवळ येऊं देऊं नये. वाळूची बादली हाताशीं असावी. बॅटरीची अर्थाची तार प्रथम सोडवावी.

टाकी भरलेली असल्यास तिच्यांतील पेट्रोलची पातळी पंपाहून उंच असूं शकते, व नळी सोडतांच धार लागते. म्हणून नळीच्या तोंडांत बसेल अशी स्वच्छ खुंटी आगाऊ करून ठेवावी, व खालीं पत्र्याचें भांडें धरावें.

जुना पंप काढणें

पंपाभोंवतालची माती ब्रशानें झाडून काढावी. नळीचा नट सोडतांना दोन पाने वापरावे. एकानें पंपावरचा जोड धरावा व दुसऱ्यानें नट फिरवावा. एकाच पान्यानें जोर केल्यास नळी पिळून तुटते. कोणती नळी टाकीकडून येते व कोणती कार्बोरेटरकडे जाते, यांवर खूण करावी. कांहीं पंपांस पावसाच्या कांच-पुसणीसाठीं हवा ओढणारा दुसरा भाग वरती जोडलेला असतो. असा दुहेरी पंप असल्यास त्याच्या दोन नळ्यांवरही खूण करावी. दुहेरीच्या जागीं एकेरी पंप बसविणार असल्यास एंजिनाच्या मॅनिफोल्डकडील नळीचें तोंड पक्कें बंद करणें अवश्य आहे. तें उघडें राहिल्यास एंजिन फाजील हवा ओढून अडखळतें.

नंतर दोन्ही बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे सैल करावे. पंप निघाल्यावर एंजिनाच्या भोंकांत स्वच्छ फडकें कोंबावें व मगच जुनें पॅकिंग बोथट पातीनें खरवडावें. नाहीं तर त्याचे तुकडे चेंबरांत पडतात. फडकें काढावयास मात्र विसरूं नये.

नवा पंप बसविणें

जुना व नवा पंप शेजारीं ठेवून दांड्याची लांबी, त्याचा बांक व नळ्यांचीं तोंडें ताडून पाहावीं. दांड्याची लांबी किंवा बांक भिन्न असला, तर तो पंप दुसऱ्या एंजिनाचा समजून परत करावा. पॅकिंगही मूळच्याच जाडीचें पाहिजे. जाड पॅकिंगानें दांड्याचा हेलकावा कमी होतो व पेट्रोल अपुरें पडतें.

बसविण्यापूर्वीं पुढील हँडलनें एंजिन हळू फिरवून कॅमची चकती सखल बाजूवर आणावी. पंप हातानें जागेवर दाबून पाहिल्यास स्प्रिंगेचा विरोध सर्वांत कमी लागतो, ती ही स्थिति होय. दांडा चकतीवर नीट टेकला पाहिजे. तो तिच्या बाजूस घसरला असतां बोल्ट आवळल्यास दांडा मोडतो किंवा पंपाचा कान तुटतो. पंप हातानेंच जवळजवळ बसत नसेल, तर बोल्टांच्या जोरानें ओढून बसवूं नये. काढून पुन्हां लावावा. बोल्ट आळीपाळीनें सारखे आवळावे. नळ्यांचे नट आधीं बोटांनीं दोन-तीन आटे चढवून मग पान्यानें घट्ट करावे.

पंपाचें अंग सुस्थितींत असल्यास डायफ्राम तेवढा बदलतां येतो. अशा वेळीं दोन भाग वेगळे करण्यापूर्वीं कडेवर कानशीनें एक आडवी खूण करावी, म्हणजे जुळवितांना चूक होत नाहीं. नवा पडदा बसवून भोंवतालचे स्क्रू आवळतांना दांडा पूर्ण दाबून धरावा. त्यायोगें पडद्यास हालण्यापुरती ढील राहते. हें न केल्यास ताणलेला पडदा थोड्याच दिवसांत फाटतो.

कोणी यांत्रिक पंप काढून विजेचा बसवितात. त्याचा दाब जुन्या पंपाइतकाच कमी असला पाहिजे, आणि एंजिन बंद पडतांच तो आपोआप थांबेल अशी जोडणी पाहिजे. नाहीं तर कार्बोरेटर ओसंडून पेट्रोल तापलेल्या धुराड्यावर पडतें.

शेवटची परीक्षा

तेलांत पेट्रोल मिसळलें असल्यास एंजिन सुरू करण्यापूर्वींच सर्व तेल काढून टाकावें व नवें तेल आणि शक्य तर नवा फिल्टर घालावा. काढलेलें तेल पेट घेणारें असतें. तें विहिरीजवळ अगर बांधावर ओतूं नये, व चूल पेटविण्यास तर कदापि वापरूं नये. झांकणाच्या भांड्यांत भरून निरुपयोगी तेल घेणाऱ्यास द्यावें.

मग बॅटरी न जोडतां हँडलनें एंजिन फिरवून पंपांत व वाटींत पेट्रोल भरूं द्यावें, आणि प्रत्येक जोड कोरड्या बोटानें चांचपावा. सर्व कोरडें असल्यासच बॅटरी जोडून गाडी सुरू करावी. पांच मिनिटें चालल्यावर, पुन्हां एंजिन तापल्यावर, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं अशा तीन वेळां जोड पाहावे. पुढें आठ दिवस रोज तेलाची पट्टी काढून वास घ्यावा.

आपल्याच उसाच्या मद्यार्कानें आपल्याच जुन्या गाडीचें रबर खावें, यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. बैलाच्या खाद्यांत बदल झाला म्हणजे आपण त्याच्या शेणाकडे लक्ष ठेवतों. तद्वतच गाडीचें खाद्य बदललें, तेव्हां मालकानें तिच्या तेलाच्या पट्टीकडे लक्ष ठेवावें. ही पट्टी दर आठवड्यास एकदां पाहण्याची संवय ज्याच्या घरीं आहे, त्याची जीप पुढील पिढीसही बांधावर नेईल.