शेजारचा खड्डा, आपली भिंत

२५ जून २०१८ ची पावसाळी पहाट. मुंबईत वडाळ्याच्या लॉइड्स इस्टेटमधले रहिवासी मोठ्या आवाजाने जागे झाले. पाहतात तो आवारभिंत गायब, आतला रस्ता खचलेला आणि रात्री लावलेल्या गाड्या शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात! पालिकेने काम थांबवले. घरे मात्र रहिवाशांना सोडावी लागली.

शेजाऱ्याचा हक्क काही नवा नाही. सुविधाधिकाराचा, म्हणजे बोलीत वहिवाटीचा, कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये लागू झाला. इमारतीला बाजूच्या जमिनीचा आधार विनाअडथळा २० वर्षे मिळाला, की त्या आधारावर तिचा हक्क बसतो. उजेड आणि वाऱ्याचेही तसेच. पुनर्विकासाला निघालेल्या चाळीस वर्षांच्या इमारतीशेजारची तिची समवयस्क इमारत हा हक्क केव्हाच कमावून बसलेली असते.

गोम पुढे आहे. हक्क बजावायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि लोक ती चढतात भिंतीला भेगा पडल्यावर. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने क्रमच बदलला: शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचे, तर महिनाभर आधी लेखी नोटीस.

आपल्याकडे दुर्घटनाच शिकवत गेल्या. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची भिंत बाजूच्या प्लॉटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले.

शेजाऱ्यांची आधी काळजी घेतली तर काय होते, ते नोएडात दिसले. तिथले दोन जोड मनोरे आणि शेजारची इमारत यांच्यात नियमाने १६ मीटर हवे असलेले अंतर जेमतेम ९ मीटर होते. रहिवासी लढले आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मनोरे पाडायला सांगितले. २८ ऑगस्ट २०२२ ला मुंबईच्याच कंपनीने ते उडवले. त्याआधी शेजारच्या इमारतींची तपासणी झाली, १०० कोटींचा विमा उतरवला गेला, सुमारे ५,००० माणसे हलवली गेली. शेजारच्या सोसायटीच्या आवारभिंतीचा काही भाग पडला. घरे शाबूत राहिली.

शेजाऱ्यांसाठी नवे नियम आले, पण ते धुळीवर: ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पालिकेने नियमावली काढली. पाडकामाच्या इमारतीला चहूबाजूंनी कापड, सतत पाण्याचा फवारा, उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फुटी पत्रे. शेजाऱ्याचा आधाराचा हक्क मात्र १८८२ च्या कायद्यावर उभा आहे.

तेव्हा शेजारी पोकलेन येण्याआधीच सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी, भिंतींचे तारखेसह फोटो काढावेत आणि त्यांची प्रत बिल्डरला व वॉर्ड ऑफिसला देऊन पोच घ्यावी.