रंगीत थ्रीडी चित्र म्हणजे फोटो नव्हे

सीटी स्कॅनच्या फिल्मसोबत हल्ली एखादं रंगीत थ्रीडी चित्र हातात पडतं. हस्तिदंती कवटी, लालभडक रक्तवाहिन्या. घरच्यांना वाटतं, यंत्राने आतला फोटोच काढला. पण यंत्राला रंग कळतच नाहीत. कुठे क्ष-किरण किती अडले, एवढाच आकडा त्याच्याकडे असतो: पाणी शून्य, हवा उणे १०००. रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये भरतात.

मग आकार तरी खरा ना? बव्हंशी. स्कॅनमधल्या शेजारशेजारच्या कापांमधून (म्हणजे शरीराच्या आडव्या छेदांच्या चित्रांमधून) एका ठरावीक आकड्यापाशी पृष्ठभाग काढायची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. मात्र तो आकडा निवडावा लागतो. जरा वर सरकवला, की डोळ्याच्या खोबणीचा कागदासारखा पातळ तळ गायब होतो आणि चित्रात भोक दिसतं. हाड शाबूतच असतं!

‘मधलं राहिलेलं कॉम्प्युटर भरून काढतो’ हा समज जास्त घातक. तो भरतो तो निव्वळ अंदाज. फुप्फुसातली ३ मिलिमीटरची गाठ ५ मिलिमीटर जाडीच्या कापात सापडली, तर आजूबाजूच्या हवेसकट सरासरी निघते. गाठ फिकी पडते, कधी नजरेतूनच सुटते. वरून चित्र कितीही गुळगुळीत करा, ती परत येत नाही.

आकारमानाचं गणित तसं शाळेतलंच. प्रत्येक कापावर गाठीची कड आखायची, क्षेत्रफळांची बेरीज करायची आणि दोन कापांमधल्या अंतराने गुणायचं. क्षेत्रफळं २, ४ आणि ३ चौरस सेंटिमीटर, अंतर अर्धा सेंटिमीटर, म्हणजे गाठ साडेचार घन सेंटिमीटर. गोची होते ती जाडी आणि अंतर एकच समजल्याने. ५ मिलिमीटर जाडीचे काप दर अडीच मिलिमीटरवर घेतले असतील, तर ते एकमेकांवर चढलेले असतात. तिथे जाडीने गुणलं, तर गाठ न वाढताच दुप्पट होते.

उलट, ‘दोन-अडीच मिलिमीटरच तर वाढली’ म्हणून निर्धास्त राहणंही बरं नव्हे. गोल गाठीचा व्यास १० वरून १२.६ मिलिमीटर झाला, की आकारमान दुप्पट झालेलं असतं.

शस्त्रक्रियेची आखणी करताना थ्रीडी चित्र फार कामाचं; निदान मात्र रेडिओलॉजिस्ट मुख्यतः कापांवरूनच करतात. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना रंगीत प्रिंट घरी राहिली तरी चालेल, पातळ कापांच्या डायकॉम फायलींची सीडी मात्र सेंटरवरून आवर्जून मागून घ्या.