पाळणा आणि पगार : भाग ५ – रात्रीच्या आयाचे पैसे

सव्वा महिना राहून आई आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला निघाली. नवरा तिला सोडायला हावड्याला गेला आणि कोलकात्यातल्या हाजरा रोडजवळच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि चाळीस दिवसांची लेक अशा दोघीच उरलो. स्वयंपाकघराच्या फळीवर अळिवाच्या लाडवांचे दोन डबे होते, बाळंतशेपेची पुडी होती. शेजारच्या काकिमांनी वाटीभर कलौंजीची चटणी आणून दिली होती. दूध वाढावं म्हणून इकडे बाळंतिणीला ती भातावर घालून देतात. खायला सगळं होतं, पण रात्री तीन वाजता मुलीला मांडीवर घेऊन मी मोबाइलवर हिशोब करत बसले होते. तो जुळेना आणि मला रडू आवरेना.

मागच्या भागात रजेचा हक्क कुणाला आणि किती, ते पाहिलं. आज त्या रजेतल्या पैशांविषयी आणि मनाविषयी लिहिते. दोन्ही एकाच भागात घेतेय, कारण माझ्याकडे ते एकाच वेळी, एकाच पहाटे आले.

आधी पैसा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याला २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण २६ आठवडे कायम राहिले. प्रसूतीआधी त्यातले जास्तीत जास्त आठ घेता येतात. मी तीनच घेतले, म्हणून मुलीजवळ तेवीस राहता आलं. ज्यांना जमतं त्यांनी हे गणित सातव्या महिन्यातच मांडावं. प्रकृतीने साथ दिली नाही तर मात्र ते बिनदिक्कत मोडावं.

‘पूर्ण पगार’ म्हणतात तो कसा ठरतो, हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांच्या कमाईवरून रोजची सरासरी काढतात आणि तेवढे पैसे मिळतात. त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत. आमच्या घरात मात्र वर्षभर तो धरूनच भाडं, हप्ता आणि किराणा बसवलेला होता. प्रसूतीनंतरच्या काळाचे पैसे, बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावेत असं कायदा सांगतो. मला ते महिनाभर उशिरा मिळाले, आणि मी विचारायला संकोचले. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांच्या योजनेत, हे पैसे मालकाऐवजी विमा महामंडळ देतं. तिथे कागद आधीच तयार ठेवले तर हेलपाटे वाचतात.

तर उत्पन्न थोडं घटलं आणि खर्च वाढला. डायपर, लशी, डॉक्टर हे सगळ्यांनी धरलेलेच असतात. कोलकात्यात त्यात आया येते. इथे आया सेंटर असतात. तिथून बारा बारा तासांच्या पाळीने बायका येतात, दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी. रात्रीच्या आयाचे महिन्याचे पैसे आमच्या घरभाड्याच्या जवळपास जात होते. काकिमा म्हणाल्या, ठेव. नवरा म्हणाला, ठेवूया. मीच नको म्हणाले. माझं म्हणणं एकच होतं: मी घरीच तर आहे.

त्या वाक्यात काय दडलं होतं ते मला फार उशिरा कळलं. मला रजेवर असण्याची लाज वाटत होती. खात्यात पगार जमा होत होता, तरी तो कमावलेला वाटत नव्हता. मग स्वतःवर होणारा प्रत्येक खर्च मी कापत गेले. आधी भाजीवाल्याकडून येणारी फळं कापली, मग मालिशवाली, मग झोप. मुलीच्या एकाही वस्तूला हात लावला नाही. खर्चाची वही पाहिली तर दिसतं, त्या दोन महिन्यांत वाचवलेला प्रत्येक रुपया माझ्या अंगातून गेला आहे. रजेचा पगार ही मेहेरबानी नाही, तो श्रमाच्या कराराचाच भाग आहे. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला ते दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकींना उगाच भरून येतं, रडू येतं. ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नव्हतं. दुर्गापूजेआधीची महालया झाली, पाड्यात ढाक वाजू लागले, खिडकीबाहेर मांडवाचे दिवे लागले आणि मला त्यातलं काहीच हवंसं वाटेना. मुलगी झोपली तरी मला झोप येत नव्हती. तिचा श्वास चालू आहे ना, हे बघायला मी दर दहा मिनिटांनी उठत होते. बाळ उठवतं म्हणून होणारं जागरण वेगळं आणि बाळ झोपलेलं असताना होणारं जागरण वेगळं. घरातल्यांनी हा फरक ओळखायला शिकावं.

अष्टमीच्या सकाळी नवऱ्याने मला विचारलं, तू शेवटची हसलीस कधी? मला आठवेना. पूजा संपल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद पुढे ठेवला. १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली ही मोजपट्टी आज जगभर वापरतात. मागच्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का, असे साधे प्रश्न असतात. एकूण गुण ३०. तेरा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायला सांगतात. मला पंधरा आले. त्या आकड्याने मी घाबरले नाही. उलट मोकळी झाले, कारण ‘मी वाईट आई आहे’ याऐवजी आता माझ्याजवळ आजाराचं नाव होतं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे लसीकरणाच्या रांगेत पाच जणी असतील तर त्यातली एक.

याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली आणि १९४० साली लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभं राहिलं. त्या शहरात राहून मी मनाच्या डॉक्टरांकडे जायला अडीच महिने घालवले, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांना उठून जाणंही जमत नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. तो रात्रीही चालू असतो, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. इजेचा विचार मनात आला असेल तर सकाळची वाट पाहू नका. तेव्हाच घरातल्या कुणाला तरी उठवा आणि फोन करा.

औषध आणि बोलणं दोन्ही सुरू झालं. पण डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून दिली ती झोप: रात्री सलग पाच तास. म्हणून रात्रीची आया आली. पहिल्या रात्री मी दर तासाला दाराशी जाऊन उभी राहत होते. तिने मुलीला थोपटता थोपटता मान वर करून म्हटलं, “तुमि घुमाओ बउदि, आमि तो आछि.” तुम्ही झोपा, मी आहे ना. त्या रात्री मी साडेचार तास झोपले.

ती कॅनिंग लोकलने येते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत ती आठव्या महिन्यापर्यंत काम करत होती आणि बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर परत कामावर आली. तिला २६ आठवडे कुणी दिले नाहीत. अशा बाईसाठी सरकारकडे मातृवंदना योजना आहे: पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. एका बाळंतपणाची मजुरी त्यातून भरून निघत नाही. माझी झोप तिच्या जागरणावर उभी आहे, हे मला विसरायचं नाही. म्हणून तिच्या खाड्याच्या रात्रीचे पैसे आम्ही कापत नाही.

आणि बाप? खासगी नोकरीत पित्याच्या रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस देतं, पश्चिम बंगाल सरकार ३०. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवस मिळतात. पत्नी गेल्यानंतर मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या एका कर्मचाऱ्याने तेवढीच रजा मागितली, तेव्हा २०२५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने राज्य सरकारला यावर निर्णय घ्यायला सांगितलं. माझ्या नवऱ्याला सहा दिवस मिळाले होते, तेही त्याच्या स्वतःच्या सुट्ट्यांतून. म्हणून त्याने दुसरं काम उचललं: वही त्याच्याकडे गेली. रात्री मोबाइलवर हिशोब करायला मला मनाई झाली. दर रविवारी सकाळी चहाबरोबर अर्धा तास आम्ही दोघं मिळून ती बघू लागलो.

कागदांची कामंही त्यानेच केली. जन्माची नोंद २१ दिवसांत बिनशुल्क होते, ती त्याने वेळेत केली होती. कंपनीच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव घालायला मुदत असते, ती संपायला चार दिवस उरले असताना त्याच्या लक्षात आलं. याच दिवसांत मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी घेऊन ओळखीचे लोक घरी येऊ लागतात. आम्ही सहा महिने काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं आणि फक्त दोघांचा साधा मुदतीचा विमा काढला. थकलेल्या माणसाने वीस वर्षांच्या कागदावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

वहीचं ते पान आत्ता माझ्यासमोर उघडं आहे. ‘आया, रात्र’ ही ओळ मी सुरुवातीला ‘इतर’मध्ये, सगळ्यात खाली लिहिली होती. पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या अक्षरात ती वर गेलेली दिसते: आधी भाडं, मग औषधं, मग आया.

(पुढच्या आठवड्यात : पन्नास कर्मचाऱ्यांचं कार्यालय आणि पाळणाघर)