ओला रस्ता रात्री दिसेनासा का होतो?

पावसाळ्यात रात्री वाहन चालवणाऱ्यांची एक तक्रार नेहमीचीच असते. हेडलाइट पूर्ण प्रखर असूनही समोरचा रस्ता काळ्या डोहासारखा भासतो, कडेचा पांढरा पट्टा हरवतो आणि समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश मात्र डोळे दिपवून टाकतो. दोष दिव्यांचा किंवा दृष्टीचा असावा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बदललेला असतो तो रस्त्याचा पृष्ठभाग.

आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा शाळेत पाठ केलेला नियम आरशाला लागू पडतो तसाच डांबरी रस्त्यालाही. फरक इतकाच, की खडीच्या प्रत्येक कणाचे तोंड निराळ्या दिशेला असल्याने एका दिशेने आलेले किरण असंख्य दिशांना विखुरतात. यालाच अनियमित परावर्तन म्हणतात; नाव असे असले तरी नियम मोडलेला नसतो! या विखुरलेल्या प्रकाशाचा अल्प अंश मागे वळून चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून कोरडा रस्ता दिसतो.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा त्याहून बराच कमी असेल, तर तो आरशासारखा वागतो. पावसाचे पाणी खडीमधील फटी भरून काढते आणि त्याचा वरचा थर असाच गुळगुळीत असतो. सर कोसळत असताना तो थेंबांनी हिंदकळतो, पाऊस थांबला की अधिकच आरसपानी होतो.

येथे कोनाला फार महत्त्व आहे. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. मोटारीचा हेडलाइट मात्र जमिनीपासून ६०-७० सेंटीमीटरच उंच असतो. त्यामुळे ४० मीटर अंतरावर त्याचे किरण सुमारे १ अंशाच्या कोनात रस्त्याला चाटून जातात. इतक्या तिरप्या किरणांपैकी जवळजवळ ९० टक्के प्रकाश शांत पाण्यावरून पुढेच निघून जातो. तो चालकाच्या उपयोगी पडत नाहीच, उलट समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. समोरच्या गाडीचा प्रकाशही याच वाटेने इकडे येतो. अशा वेळी दिवा आणखी प्रखर करणे म्हणजे केवळ दुसऱ्याची दृष्टी हिरावणे होय.

पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात बारीक काचमणी मिसळलेले असतात. आलेला प्रकाश आल्या दिशेने परतवणे हे त्यांचे काम. पण पाण्याखाली गेल्यावर तेही निष्प्रभ होतात. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो ‘कॅट्स आय’ रस्त्याच्या पातळीहून किंचित वर असतो, त्यामुळे पाण्याचा पातळ थर त्याला झाकू शकत नाही. घाटातील वळणांवर त्याचे मोल विशेष जाणवते.

मात्र खरा प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा आहे. अवजड वाहनांच्या सततच्या रहदारीने डांबरी रस्त्यावर चाकोऱ्या पडतात. बाकीचा रस्ता वाळला तरी पाणी या चाकोऱ्यांतच साचून राहते आणि चाके जेथून धावतात, नेमका तेथेच आरसा तयार होतो.