माहिती चौकट : वेब फ्रेमवर्कची जडणघडण

फ्रेमवर्क व लायब्ररी : लायब्ररीतील फंक्शनांना प्रोग्रामर आपल्या सोयीने पाचारण करतो, फ्रेमवर्कमध्ये मात्र अंमल फ्रेमवर्कचा, आणि प्रोग्रामरने लिहिलेल्या क्लासांना तेच आपल्या क्रमाने बोलावून घेते. या उलट्या कारभाराची संज्ञा : ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’.

एमव्हीसी : विदा व तिचे नियम ‘मॉडेल’कडे, दर्शन ‘व्ह्यू’कडे आणि वापरकर्त्याच्या आज्ञांची तामिली ‘कंट्रोलर’कडे, अशी जी विभागणी आज बहुतेक वेब फ्रेमवर्कांत कमीअधिक फरकाने आढळते, ती नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्व्हे रीन्स्काउग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्क येथे स्मॉलटॉक भाषेच्या संदर्भात मांडली, वेबच्या जन्मास तेव्हा दहा वर्षांचा अवकाश होता.

रुबी ऑन रेल्स : युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बेसकॅम्प हे ॲप्लिकेशन रचताना डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी जो सर्वसाधारण उपयोगाचा भाग विलग केला, तोच २००४ साली रेल्स म्हणून खुला झाला. आवृत्ती १.० : डिसेंबर २००५.

• क्लासचे नाव एकवचनी, डेटाबेसमधील तक्त्याचे अनेकवचनी. ‘पर्सन’ क्लासला ‘पीपल’ तक्ता आपोआप सापडतो. इंग्रजी व्याकरणाच्या अपवादांचीही अशी तजवीज आहे. संकेत पाळल्यास निराळी नोंद करावी लागत नाही.

• ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’ : तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट. हे नामाभिधान मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या ग्रंथातले.

जँगो : भाषा पायथॉन, उगम अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत, खुले २००५. येथे कंट्रोलरचे बरेचसे काम ‘व्ह्यू’ करतो, दर्शन ‘टेम्प्लेट’कडे.