दामिनीकर्त्री हिराबाई पेडणेकर

ज्या काळी मराठी रंगभूमीवर नायिकेच्या भूमिकाही पुरुषच करीत आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना नाटक पाहावयास जाणेदेखील सुलभ नव्हते, त्या काळी सावंतवाडीच्या एका कलावंतीण घराण्यात जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी नाटककार होण्याचे धाडस केले. 1904 साली त्यांचे ‘जयद्रथविडंबन’ प्रसिद्ध झाले आणि 1912 साली केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने त्यांचे ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणले. तत्पूर्वीही एकदोन स्त्रियांनी नाटके लिहिली होती. परंतु एका नामांकित व्यावसायिक मंडळीने स्त्रीची कृती स्वीकारून तिचा प्रयोग करावा, ही घटना खरोखर अपूर्व होती.

संगीत नाटकाच्या कर्त्याला केवळ संवाद लिहून भागत नसे. पद कोणत्या रागात, कोणत्या चालीवर बसेल याची जाण त्याला असावी लागे. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गुरूकडे गायन शिकलेल्या हिराबाईंपाशी ती जाण होती. गिरगावातील त्यांच्या घरी तत्कालीन साहित्यिक व नाट्यकर्मी येत; श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना तर त्या गुरुस्थानी मानीत. मात्र बैठकीत विद्वत्तेला दाद देणारा तोच समाज कुलशीलाचा प्रश्न येताच पाठ फिरवी. त्याच सुमारास ‘पुरुषांचे बंड’ लिहिणाऱ्या गिरिजाबाई केळकर यांना 1928 साली नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद लाभले, आणि ते योग्यच झाले. हिराबाईंच्या वाट्याला मात्र तसा सन्मान आला नाही. त्या मुंबई सोडून गुहागरजवळच्या पालशेत येथे जाऊन राहिल्या व 1951 साली निवर्तल्या.

पुढे वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावर ‘कस्तुरीमृग’ लिहिले. त्यांच्या दुःखाची कथा अशी रंगमंचावर आली, पण त्यांची स्वतःची नाटके बहुतांश विस्मृतीच्या दप्तरात पडून राहिली. हा अन्याय मला सन्मान न लाभण्याच्या अन्यायाहून मोठा वाटतो, कारण लेखिकेची ओळख तिच्या वेदनेवरून नव्हे, तिच्या लेखनावरून व्हावयास हवी.

आता मीरा-भाईंदर शहरात लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे. शहरातील सिल्व्हर पार्क व आसपासच्या वसाहतींतील हौशी नाट्यमंडळांनी ‘दामिनी’ची संहिता मिळवून निदान तिचे अभिवाचन तरी करावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.