स्वारगेट स्थानकावरील बोलीसंग्रह

स्वारगेट बसस्थानकावर सातारा, सांगली, सोलापूरकडील बोली एकत्र कानी पडतात. संमती मागताच प्रवासी पुस्तकी बोलू लागतो; साहजिकच ध्वनिमुद्रक लपवण्याचा मोह होतो. लबोव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानांतील विक्रेत्यांचे उच्चार नकळत टिपले होते. परंतु कागदावर, आणि नावाविना. ध्वनिमुद्रणाची गोष्ट निराळी, कारण आवाजावरून माणूस ओळखता येतो. तेव्हा संमती आधीच घ्यावी, एस.टी.च्या वेळापत्रकावर गप्पा रंगल्या की पुस्तकीपणा बराचसा गळतो. संग्राहकाची सुरक्षितताही गौण नव्हे. याच स्थानकात फेब्रुवारी २०२५ मध्ये पहाटे, उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची फिर्याद नोंदली गेली. विद्यार्थ्यांना तेथे दिवसा, दोघादोघांनीच पाठवावे. पहाटेच्या नोंदी राहिल्या तर राहोत.